एक मजकूर, एक ठिकाण : माहितीपत्रकांच्या सामाईक फायलींची व्यवस्था

शेतकऱ्याच्या घरी कीटकनाशकाची बाटली येते, तेव्हा तिच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. त्यावरील अक्षरे बारीक असतात आणि वाचणारास सवड नसते. त्यामुळे तो कागद बहुधा खोक्याबरोबरच उकिरड्यावर जातो. परंतु घरातील कोणास विषबाधा झाली, तर तोच कागद शोधून डॉक्टरांच्या हाती द्यावा लागतो. विषबाधेची लक्षणे कोणती, प्रथमोपचार काय करावा, विषावर उतारा कोणता, हे त्यावर छापलेले असते. त्या घटकेस त्यातील चार ओळी अचूक असणे, यावर एका माणसाचा जीव अवलंबून असतो.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी हे पत्रक सक्तीचे केले आहे. हिंदी, इंग्रजी आणि ज्या भागात माल विकला जाईल तेथील एक किंवा दोन प्रादेशिक भाषा यांत ते छापावे लागते. वेष्टनावरील चौकोनाचा रंगही ठरलेला आहे. अतितीव्र विषासाठी लाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य विषासाठी हिरवा, असा तो क्रम आहे. २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दुर्घटनेमागील कारणे अनेक होती आणि केवळ कागदाने ती टळली असती असे कोणी म्हणणार नाही. तथापि उत्पादनाबरोबर जाणारी माहिती ही शोभेची वस्तू नव्हे, एवढे त्या घटनेने सर्वांस पटवून दिले.

ही माहितीपत्रके आज संगणकावर तयार होतात. त्यांच्या फायली कशा ठेवाव्यात, अनेकांनी मिळून त्या कशा हाताळाव्यात आणि एका ठिकाणी झालेली दुरुस्ती सर्वत्र कशी पोहोचवावी, याचे एक शास्त्र गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. कारखान्यातील लेखकांइतकेच ते शासकीय कार्यालयांस, शाळांस आणि ग्रामपंचायतींसही उपयोगी पडणारे असल्याने त्याचा परिचय येथे करून दिला आहे.

नकलांचा धोका

समजा, एक कारखाना ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील तीन कीटकनाशके तयार करतो. प्रत्येक कीटकनाशक चार आकारांच्या बाटल्यांतून विकले जाते. म्हणजे माहितीपत्रके झाली १२. माल महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात व तेलंगणात जातो. म्हणून मराठी, कन्नड, गुजराती, तेलुगू, हिंदी व इंग्रजी अशा सहा भाषांत प्रत्येक पत्रकाचा मजकूर तयार ठेवावा लागतो. अशा रीतीने एकूण ७२ मजकूर होतात.

या वर्गातील विषावर अ‍ॅट्रोपीन हे औषध डॉक्टर वापरतात. तेव्हा उपचारासंबंधीचा परिच्छेद तिन्ही उत्पादनांत सारखाच असणार. लेखकाने तो एकदा लिहिला आणि बाकीच्या सर्व फायलींत त्याची नक्कल केली, तर पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही; ७२ ठिकाणी अचूक मजकूर उभा राहतो. खरी कसोटी लागते ती बदलाच्या दिवशी. त्या परिच्छेदातील एखादे वाक्य सुधारावयाचे ठरले, म्हणजे ७२ फायली एकामागून एक उघडाव्या लागतात. सत्तर फायलींत दुरुस्ती होते आणि दोन नजरेतून सुटतात. त्या दोन कोणत्या, हे कोणासच ठाऊक नसते. पुढे त्यांतील एका फाईलवरून छपाई होते आणि जुना मजकूर एखाद्या खेड्यातील घरात जाऊन पडतो.

हा धोका काल्पनिक नाही. उत्पादनाच्या वापरासंबंधीचे नियम वेळोवेळी बदलतात. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ मध्ये मनाई करण्यात आली. असा आदेश निघतो त्या दिवसापासून तेवढे एक वाक्य प्रत्येक पत्रकात, प्रत्येक भाषेत यावे लागते. ते एका भाषेत आले आणि दुसरीत राहिले, तर ती केवळ लेखनातील चूक राहत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ यातील उत्पादन-दायित्वाच्या तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू आहेत. योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराविरुद्धचा इशारा उत्पादनासोबत नसेल आणि त्यामुळे अपाय झाला, तर उत्पादकास त्याबद्दल जबाबदार धरता येते.

सामाईक फाईल म्हणजे काय?

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे. जो मजकूर अनेक पत्रकांत जसाच्या तसा यावयाचा आहे, तो एकाच फाईलमध्ये ठेवावा. पत्रकांत त्याची नक्कल करू नये. ‘येथे अमुक फाईलमधील परिच्छेद आणावा’ एवढा निर्देश ठेवावा. पत्रक छपाईसाठी तयार करताना संगणक त्या निर्देशाच्या जागी मूळ मजकूर आणून बसवितो. मूळ फाईलमध्ये एकदा दुरुस्ती केली, की त्यानंतर तयार होणाऱ्या सर्व पत्रकांत ती आपोआप उतरते. वरील उदाहरणात ७२ ठिकाणांऐवजी सहा भाषांच्या सहा फायलींत दुरुस्ती केली, म्हणजे काम भागते.

ही कल्पना ग्रामीण वाचकास परकी नाही. जमिनीचा अधिकार-अभिलेख एकच असतो. महाराष्ट्रात सात-बारा, गोव्यात एक-चौदा, बेळगाव भागात आर.टी.सी. अशी उताऱ्याची नावे निरनिराळी आहेत. परंतु बँक, न्यायालय वा सोसायटी यांपैकी कोणीही त्या जमिनीची स्वतःची वेगळी नोंदवही ठेवीत नाही. ज्यास हवा तो मूळ अभिलेखातून उतारा घेतो. फेरफार मंजूर झाल्यावर निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यात नवे नाव येते. सामाईक फाईल हा असाच मूळ अभिलेख होय आणि छापलेले पत्रक हा त्याचा उतारा होय.

या पद्धतीची वाटचाल

अनेकांनी हाताळावयाच्या फायलींतील बदलांची नोंद संगणकानेच ठेवावी, ही गरज प्रथम संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांस जाणवली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ ही प्रणाली तयार केली. पुढे वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ प्रणाली १९८२ मध्ये आली. या प्रणालींत एकाने फाईल दुरुस्तीसाठी घेतली, की ती परत करीपर्यंत दुसऱ्यास तीत बदल करता येत नसे. ग्रंथालयातून एकाने पुस्तक नेले म्हणजे दुसऱ्यास थांबावे लागते, तसाच हा प्रकार होता. नंतरच्या प्रणालींनी दोघांस एकाच वेळी काम करू देऊन दोघांचे बदल मागाहून एकत्र करण्याची सोय केली. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली आज जगभर वापरात आहे.

माहितीपुस्तिकांच्या क्षेत्रात आयबीएम या कंपनीने तयार केलेली ‘डिटा’ ही पद्धत महत्त्वाची ठरली. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००५ मध्ये ‘ओअ‍ॅसिस’ या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. या पद्धतीत संपूर्ण पुस्तिका ही एक मोठी फाईल नसते. एकेका विषयाची छोटी, स्वतंत्र फाईल असते. तिला ‘टॉपिक’ म्हणतात. कोणत्या पुस्तिकेत कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने यावेत, हे सांगणारी निराळी फाईल असते. तिला ‘मॅप’ म्हणतात. एका टॉपिकमधील परिच्छेद दुसऱ्यात निर्देशाने आणण्याच्या सोयीस ‘कॉनरेफ’ असे नाव आहे. ‘मॅडकॅप फ्लेअर’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये अशा सामाईक परिच्छेदास ‘स्निपेट’ आणि दूरध्वनी क्रमांक वा उत्पादनाचे नाव यांसारख्या छोट्या सामाईक मजकुरास ‘व्हेरिएबल’ म्हणतात. नावे भिन्न असली, तरी तत्त्व एकच आहे.

कप्प्यांची मांडणी

साधन उत्तम असले आणि मांडणी विस्कळीत असली, तर साधनाचा लाभ मिळत नाही. यास्तव फोल्डर, म्हणजे फायलींचे कप्पे, काम सुरू करण्यापूर्वीच ठरवून घ्यावेत. पुढील मांडणी बहुतेक ठिकाणी पुरेशी पडते :

१. ‘सामाईक’ हा पहिला कप्पा. यात इशारे, प्रथमोपचार, चित्रे, पत्ते व दूरध्वनी आणि पारिभाषिक शब्दांची यादी असे पोटकप्पे असावेत.

२. प्रत्येक उत्पादनाचा एक स्वतंत्र कप्पा. यात त्या उत्पादनापुरताच मजकूर असावा.

३. ‘प्रसिद्ध’ हा तिसरा कप्पा. छापून बाहेर गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची प्रत यात ठेवावी आणि तीत कोणीही बदल करू नये.

४. प्रत्येक भाषेसाठी हीच मांडणी, त्याच नावांनी. मराठीत जी फाईल ज्या कप्प्यात आहे, तीच कन्नडमध्ये त्याच कप्प्यात सापडली पाहिजे.

फाईलचे नाव तिच्यात काय आहे हे सांगणारे असावे. ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-साहेबांनी पाहिलेली’ अशी नावे अनेक कार्यालयांच्या संगणकांवर दिसतात. यांतील खरोखर अंतिम कोणती, हे ज्याने नाव दिले तोही पुढे सांगू शकत नाही. नावात तारीख घालावयाची असल्यास प्रथम वर्ष, मग महिना व शेवटी दिवस असा क्रम ठेवावा. म्हणजे फायली आपोआप कालक्रमाने लागतात. जेथे बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली आहे, तेथे नावात तारीख घालण्याचीही गरज नसते.

आता प्रश्न असा, की सामाईक कप्प्यात काय ठेवावे? केवळ शब्द सारखे आहेत म्हणून दोन मजकूर एकत्र करू नयेत. दोन्ही ठिकाणी मजकूर बदलण्याचे कारणही एकच असेल, तरच तो सामाईक समजावा. ‘वापरानंतर हात साबणाने धुवावेत’ हे वाक्य कीटकनाशकाच्या पत्रकात असते आणि खताच्याही पत्रकात असते. उद्या कीटकनाशकासंबंधी ‘अंगावरील कपडेही वेगळे धुवावेत’ अशी भर घालावी लागली, तर ती खतास लागू पडेलच असे नाही. असे मजकूर आज सारखे असले, तरी वेगळेच ठेवणे शहाणपणाचे होय. उलट उपचाराचा परिच्छेद त्या वर्गातील तिन्ही उत्पादनांत एकाच कारणाने बदलणार. तो सामाईकच असला पाहिजे.

बदलाचा फेरफार

सामाईक फाईलचा जो गुण, तोच तिचा धोका. नकलेतील चूक एका पत्रकापुरती राहते, तर सामाईक फाईलमधील चूक एकाच वेळी सर्वत्र पोहोचते. म्हणून अशा फाईलला कोणीही केव्हाही हात लावावा, अशी मोकळीक असता कामा नये. येथेही महसुली फेरफाराची रीत मार्गदर्शक ठरते. प्रथम बदलाची नोंद होते, मग हितसंबंधितांस सूचना जाते, हरकती ऐकल्या जातात आणि सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच मूळ अभिलेख बदलतो. सामाईक फायलींच्या बाबतीत हेच टप्पे पुढीलप्रमाणे पाळावेत :

पहिला टप्पा – प्रत्येक सामाईक फाईलला एक जबाबदार व्यक्ती नेमलेली असावी. ‘सर्वांची जबाबदारी’ म्हणजे व्यवहारात कोणाचीच नव्हे.

दुसरा टप्पा – बदल करण्यापूर्वी ती फाईल कोठे कोठे वापरली आहे, याची यादी पाहावी. बहुतेक सॉफ्टवेअर ही यादी काढून देतात. बारा पत्रकांपैकी एकास जरी नवे वाक्य लागू पडत नसेल, तरी थांबून विचार करणे आवश्यक आहे.

तिसरा टप्पा – बदल का केला, कोणाच्या आदेशाने केला आणि कोणी तपासला, हे दोन ओळींत नोंदवावे. ‘दुरुस्ती केली’ एवढी नोंद निरुपयोगी होय. ‘उपचाराचा परिच्छेद अमुक तारखेच्या आदेशानुसार बदलला’ अशी नोंद दहा वर्षांनीही उपयोगी पडते.

चौथा टप्पा – बदल करणारा आणि तपासणारा या दोन भिन्न व्यक्ती असाव्यात. कीटकनाशकाच्या पत्रकाबाबत तर नोंदणी समितीने मान्य केलेल्या मजकुरात परस्पर फेरबदल करता येत नाही. तेव्हा ही तपासणी अनिवार्यच आहे.

पाचवा टप्पा – सामाईक फाईलचे नाव वा जागा बदलू नये. बदलणे अटळ असल्यास ते काम सॉफ्टवेअरमधूनच करावे. बाहेरून फाईल उचलून दुसरीकडे ठेवली, म्हणजे तिच्याकडे असलेले सर्व निर्देश तुटतात आणि पत्रकात त्या जागी मजकूरच येत नाही. फाईल काढून टाकण्यापूर्वी वापराची यादी रिकामी आहे, याची खात्री करावी.

घाईच्या वेळी एक मोह हमखास होतो. आपल्या पत्रकापुरता थोडा वेगळा मजकूर हवा असतो आणि मूळ फाईलचा जबाबदार माणूस रजेवर असतो. मग निर्देश तोडून तेथे नक्कल चिकटविली जाते. त्या दिवशी काम निभावते. पण त्या क्षणापासून ते पत्रक मूळ मजकुरापासून तुटलेले असते आणि पुढील एकही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. असे करणे अपरिहार्यच ठरले, तर त्याची नोंद करावी आणि मूळ माणूस परत येताच तो दुवा पुन्हा जोडून घ्यावा.

भाषा आणि लिपी

सीमाभागात व बृहन्महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथे एकाच गावात एक शेजारी मराठी वाचतो, तर दुसरा कन्नड, गुजराती वा तेलुगू. दोघांच्या हाती पडणाऱ्या पत्रकांचा आशय एकच असला पाहिजे. म्हणून मूळ भाषेतील सामाईक फाईल बदलताच तिची सर्व भाषांतरे ‘जुनी’ म्हणून चिन्हांकित व्हावीत आणि नवे भाषांतर तपासले जाईपर्यंत ते पत्रक छपाईस जाऊ नये, असा नियम हवा. पारिभाषिक शब्दही एकाच यादीतून घ्यावेत. एका पत्रकात ‘उतारा’, दुसऱ्यात ‘प्रतिविष’ आणि तिसऱ्यात ‘विषघ्न’ असे तीन शब्द आले, तर संकटाच्या वेळी वाचणारा गोंधळतो.

लिपीचा प्रश्नही तितकाच व्यावहारिक आहे. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली, तेव्हा प्रत्येक मुद्राक्षर-संचाची अंतर्गत संकेतपद्धती वेगळी होती. एका संगणकावरील शुद्ध मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला, की निरर्थक अक्षरांची रांग दिसे. असा मजकूर सामाईक ठेवणे शक्यच नव्हते. १९९१ मध्ये युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. या प्रमाणानुसार टंकलिखित केलेला मजकूर मुद्राक्षर कोणतेही वापरले तरी तोच राहतो, आणि त्यात शब्दही शोधता येतो. जुन्या पद्धतीच्या फायली अद्याप हाताशी असल्यास त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासूनच सामाईक कप्प्यात ठेवाव्यात.

छापून गेलेला कागद

मूळ अभिलेख बदलला, तरी कोणाच्या पेटीत पडलेला जुना उतारा बदलत नाही. तद्वत गेल्या वर्षी विकल्या गेलेल्या बाटलीसोबतचे पत्रक आजच्या दुरुस्तीने सुधारत नाही. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक व दिनांक छापलेला असावा आणि त्या आवृत्तीची तंतोतंत प्रत ‘प्रसिद्ध’ कप्प्यात असावी. एखाद्या गावातून तक्रार आली, तर त्या माणसाने नेमके काय वाचले होते, हे या प्रतीवरूनच कळू शकते. बदलांची नोंद आणि राखीव प्रत या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकच बिघडला, तर त्यातील नोंदही जाते; तेव्हा किमान एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी.

कार्यालयांस व शाळांस उपयोग

हे सर्व करण्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरचीच गरज आहे, असे नाही. एखाद्या कार्यालयात रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला व शिष्यवृत्ती यांची तीन माहितीपत्रके असतात आणि तिन्हींत कार्यालयाची वेळ, पत्ता व आवश्यक कागदपत्रे दिलेली असतात. कार्यालयाची वेळ बदलली आणि एका पत्रकात ती जुनीच राहिली, तर वीस किलोमीटरवरून आलेल्या वृद्धेस बंद दाराशी बसावे लागते. ही सामाईक माहिती एका फाईलमध्ये ठेवून, ती कोणत्या पत्रकांत जाते याची यादी त्याच फाईलच्या माथ्यावर लिहिली आणि बदलाच्या दिवशी त्या यादीवर खूण करीत गेले, तरी निम्म्याहून अधिक काम साधते. शिस्त ही सॉफ्टवेअरच्या आधीची पायरी आहे.

ग्रामस्थांनीही आपला वाटा उचलावा. बाटली घेताना पत्रक आत आहे ना, ते आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे ना, हे दुकानातच पाहावे. औषध संपेपर्यंत ते पत्रक जपून ठेवावे आणि दवाखान्यात जाण्याची वेळ आली, तर सोबत न्यावे.

एक मजकूर, एक ठिकाण आणि एक जबाबदार व्यक्ती, एवढेच या पाठाचे सार आहे. ज्या कार्यालयात वा कारखान्यात हे सूत्र पाळले जाते, तेथून निघालेला कागद कोणत्याही गावी, कोणत्याही भाषेत तेच सत्य सांगतो. वाचणाऱ्याने त्या कागदावर टाकलेला विश्वास सार्थ ठरविणे, हे लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

अभ्यासासाठी

१. आपल्या शाळेच्या वा कार्यालयाच्या कोणत्याही तीन पत्रकांत सारखा असलेला मजकूर शोधा. त्यांतील कोणता मजकूर एकाच कारणाने बदलेल?

२. सामाईक फाईल आणि नक्कल यांतील भेद जमिनीच्या उताऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. सामाईक फाईलमध्ये बदल करण्यापूर्वी वापराची यादी का पाहावी?

४. घरातील एखाद्या उत्पादनाचे माहितीपत्रक घेऊन त्यावरील भाषा, आवृत्ती क्रमांक व दिनांक यांची नोंद करा.